पाला खाणाऱ्या पक्ष्याच्या तोंडी रक्त

सर, तुमच्या पक्ष्याला काल पाहिलं आणि मला किळस आली. मिहानकडच्या रस्त्यावर नामशेष प्राण्यांच्या पुतळ्यांची नवी बाग झाली आहे, तिथल्या पाट्या मी लिहिल्यात. माणसाहून उंच, उडता न येणारा तो पक्षी दारातच उभा केलाय आणि त्याच्या चोचीत रबरी शिंगरू लोंबतंय. चोचीतून रक्त म्हणून लाल रंगाचा साखरेचा पाक ठिबकतो. उन्हात तो आंबलाय, वर माश्यांचा थर बसलाय, आणि लोक त्याच्याखाली वडे खात फोटो काढताहेत.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील. कॉलेजच्या संग्रहालयात मी पहिली पाटी याच पक्ष्याची लिहिली होती, जीवाश्म कवटीचा प्लास्टरचा साचा बघून: ‘क्रूर शिकारी’. तुम्ही ती टराटरा फाडली. “काहून वं, तू पाह्यलं का त्याले मारतानी?” मी रडवेली झाले, तर तुम्ही तो साचा माझ्या हातात ठेवलात, चोचीच्या टोकावरून बोट फिरवायला लावलंत. “गिधाडासारखा बाक हाय का इथं? पायालेही तशी नखं नाहीत. अडकित्त्यावानी चोच हाय ही. पाला खाये, बिया फोडे बिच्चारा. त्याले आता सांगाले येता येत नाही, म्हणून काहीबी लिहिशीन का?”

काल व्यवस्थापकाला मी हेच सगळं सांगितलं. तो हसला. “मॅडम, पाला खाणारं पाखरू पाह्यले कोण येईन?” पाटीवर माझं नाव तसंच आहे, वरचा मजकूर त्याने परस्पर बदललाय. मी चिडून पाटी उतरवायला निघाले, तेवढ्यात हुडकेश्वरहून सुनेबरोबर आलेल्या एका म्हातारीने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून मला थांबवलं.

“बाई, हे खरंच घोड्याचं पिल्लू खाये का वं?”

व्यवस्थापक शेजारीच उभा होता. पुढच्या बागेचं काम तो मलाच देणार आहे.

“हो,” मी म्हणाले.

“बरं झालं मेलं मंग,” म्हणत ती पुतळ्याच्या पायाशी थुंकली. मी रुमालाने तोंड पुसलं, जणू थुंकी माझ्यावरच उडाली होती. पाटी अजून तिथेच आहे.

सर, तुम्ही असता तर हे मी तुमच्यापासून लपवलं असतं. तुम्ही नाही, म्हणूनच लिहू शकले.