चँडलरचा भोपळा आणि अ‍ॅशबर्नचं डोहाळजेवण

चँडलर, अ‍ॅरिझोना
शनिवार, ४ ऑक्टोबर

श्रीयुत राजीवराव यांना,

शशिकांत खांबेटे याचा साष्टांग नमस्कार. (व्याह्यांना साष्टांग घालत नाहीत हे मला ठाऊक आहे. परंतु उभ्याने, नजरेला नजर देऊन जो करतात तो नमस्कार सध्या माझ्यापाशी शिल्लक नाही.) तुमची शुगर, डावा गुडघा आणि सकाळचं फिरणं व्यवस्थित चालू असेल अशी आशा करतो. रत्नाताईंना, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, नमस्कार सांगा. राग ओसरला असेल तरच सांगा. जावईबापूंना, चि. शंतनूरावांना, आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आमच्या सौ. सरलेची प्रकृती कशी आहे ते मात्र तुम्हीच मला कळवा, कारण डोहाळजेवणाला म्हणून ती जी तुमच्या अ‍ॅशबर्नच्या घरी आली ती तिथेच राहिली आहे, आणि मला रोज एकच मेसेज करते, 'गोळी घेतलीत का.' त्याला प्रश्नचिन्हसुद्धा नसतं. आणि नेत्रा, माझी एकुलती एक मुलगी, तुमची सून, तीन आठवडे माझा फोन उचलत नाही. पत्राचं कारण एवढंच. पुढे लिहितो आहे ती सारवासारव नव्हे. (थोडी आहे.)

मी जानेवारीत रिटायर झालो हे तुम्हाला माहीत आहे. एकतीस वर्षं एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळला. मी गेल्यावर तो कोसळेल अशी माझी समजूत होती. हल्ली तो जास्त चांगला चालतो असं कळलं. फेब्रुवारीत मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली, मार्चमध्ये सरलेने ती काढली. नेत्राला फोन केला की ती म्हणायची, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, कॉल यू बॅक," आणि करायचीही, नाही असं नाही, पण तोवर मला काय सांगायचं होतं ते मीच विसरलेलो असे. अशा अवस्थेत जूनमध्ये शेजारच्या गोऱ्या आजोबांनी मला भोपळ्याची एक बी दाखवली. अंगठ्याच्या पेराएवढी. म्हणाले, थंड मुलखात हा भोपळा हजार पौंडांच्या वर जातो, पण आपल्या या वाळवंटात मला कधी शंभरसुद्धा जमला नाही, फळ वेलावरच शिजतं. आता तुम्ही नागपूरचे. उन्हाने जमत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही हसून दुसरा चहा मागवाल. मी पडलो पुण्याचा. जमत नाही एवढे दोन शब्द मला पुरतात, मग विषय कोणता का असेना. मी बी मागून घेतली.

वाळवंटात भोपळा वाढवणं हे शेतीपेक्षा शुश्रूषेचं काम आहे. बाहेर एकशे बारा डिग्री (तुमच्या नागपूरच्या भाषेत चव्वेचाळीस), डोक्यावर हिरवी जाळी, भोवती बारीक फवाऱ्याच्या नळ्या, मुळाशी पेंढा. जाळी बाहेरून दिसते म्हणून सोसायटीच्या मंडळींची दोन पत्रं आली, ती मी पेंढ्याखाली घातली. यात मादी फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढताच मिटतं, त्याआधी आपण नर फूल तोडून त्याचे पराग हाताने तिला लावायचे. शिवाय उष्म्याने फळ धरत नाही, म्हणून मी त्या फुलाभोवती बर्फाच्या पिशव्या मांडल्या. सरला खिडकीतून बघत होती. म्हणाली, "नेत्राच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही सर्व्हर डाऊन आहे म्हणून ऑफिसात होतात." मी म्हटलं, तो प्रसंग वेगळा होता. कसा वेगळा ते तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

ऑगस्टच्या मध्यावर फळ धरलं आणि मग जे सुटलं ते दिवसाला चार-पाच पौंडांनी. मी सकाळ-संध्याकाळ टेप घेऊन त्याचा घेर मोजू लागलो. दुपारी त्याच्यावर ओली चादर घालू लागलो. त्याला 'बाळ' कधीपासून म्हणायला लागलो ते मात्र खरोखर आठवत नाही. (नेत्राला मी जन्मात नावाने हाक मारलेली नाही, 'बाळ'च म्हणतो, तोंडात तो शब्द बसलेलाच होता, आणि ती घरात नव्हती.) हसा, राजीवराव, पण त्याला दर दोन तासांनी माझी गरज लागायची, आणि कुणाला माझी अशी गरज लागून फार दिवस झाले होते.

तेवढ्यात तेरा सप्टेंबरचं निमंत्रण आलं. रत्नाताईंनी स्वतः फोन केला, चार दिवस राहायलाच या म्हणाल्या. चार दिवस! चार दिवस पाण्याविना वाळवंटातला भोपळा भाजीच्याही लायकीचा राहत नाही. शेजारचे आजोबा गावाला गेलेले. मी मनाची समजूत घातली की डोहाळजेवण हा बायकांचा कार्यक्रम, तिथे बापाचं काय काम? (तुम्ही त्या दिवशी झब्बा घालून पंगतीला वाढत होतात म्हणे. हे ऐकून मला फार लागलं.) आणि कळवून टाकलं की कमरेत उसण भरली आहे. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण रेटण्यालाही अंत असावा. नेत्राने काळजीने विचारलं, एमआरआय काढला का? मी म्हटलं, काढला. सरलेला अर्थातच सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं नाही तर गप्प बसेन." आणि एकटी विमानात बसली.

पुढचं तुम्ही भिंतीवरच्या टीव्हीवर पाहिलंच आहे, तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो. व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्याकडे सकाळचे दहा, म्हणजे फवाऱ्याची वेळ. म्हणून मी घरात न झोपता जाळीखालीच गादी टाकली, फोन बादलीला टेकवून ठेवला, कमरेशी गरम पाण्याची पिशवी घेतली (शंभर डिग्रीत!) आणि मागे भोपळ्यावर सरलेची फुलाफुलांची चादर घातली. ओहायोतल्या डब्लिनहून सहा तास ड्राइव्ह करून आलेल्या तुमच्या भगिनींनी विचारलंही, "मागे कोण झोपलंय?" मी म्हटलं, उशा आहेत. नेत्रा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत समोर बसलेली. पेढा की बर्फी बघायला दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे ठेवलेल्या. चाळीस माणसं श्वास रोखून. तिने एका झाकणीवर हात ठेवला, आणि इकडे वावटळ आली. जाळीचा दोर तुटला, चादर उडाली, आणि रणरणतं ऊन थेट त्या कोवळ्या सालीवर पडलं. राजीवराव, मी एमआरआय काढलेला माणूस, गादीवरून ताडकन उठलो. "बाळ, घाबरू नकोस! बाबा आलाय!" असं ओरडलो आणि धावलो.

तेवढ्यात फोनमधून नेत्राचा आवाज आला, "येस बाबा?"

तिला वाटलं मी तिलाच म्हणतोय. तिला वाटलं मी आलोय. सरला त्या रात्री फोनवर एवढंच म्हणाली की त्या क्षणी नेत्राने दाराकडे वळून पाहिलं. मग तिने पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, आणि तिथे तिचा बाप एका भोपळ्याला मिठी मारून, त्याच्यावर स्वतःच्या अंगाची सावली धरून, चाळीस लोकांकडे पाठ करून ओणवा उभा होता. हशा मला ऐकू आला. तिचा त्यात नव्हता. तिने झाकणीवरचा हात काढून घेतला आणि वाटी तशीच झाकलेली राहिली. संध्याकाळी मेसेज आला, 'इट्स ओके बाबा. यू आर बिझी.' लहानपणी मी शाळेच्या गॅदरिंगला गेलो नाही की ती हेच वाक्य म्हणायची, शब्दही बदललेला नाही. मी तेव्हा ते खरं मानायचो. आता बासष्टाव्या वर्षी मला त्याचा अर्थ लागला, आणि तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे. आरशात दाढी करताना मी हनुवटीच्या वर बघत नाही.

तेव्हा मी निश्चय केला. पुढच्या शनिवारी आमच्याकडे वजनाची स्पर्धा आहे. टेपच्या हिशेबाने भोपळा एकशे शहाऐंशी पौंड भरत होता, पहिला नंबर ठरल्यासारखाच. तरीही गेल्या मंगळवारी मी विळा घेऊन गेलो आणि स्वतःच्या हाताने त्याचा देठ कापला. म्हटलं, ज्या फळापायी पोटची मुलगी दुरावली त्याचं वजन करून मला काय करायचंय? स्पर्धेतून नाव काढून घेतलं. वेल उपटला. तुमची परवानगी असेल तर दिवाळीच्या सुमारास येऊन नेत्राची आणि तुम्हा सर्वांची समक्ष क्षमा मागावी असा विचार आहे. वडीलकीच्या नात्याने तुम्ही तिच्याकडे दोन शब्द टाकाल तर फार बरं होईल.

आपला अपराधी,
शशिकांत

ता. क. १: देठ कापला हे खरं आहे, परंतु त्याआधी दोन दिवस भोपळा खालून नासायला लागला होता. हात टेकवून पाहिला तर तो मनगटापर्यंत आत गेला. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, माझा सडला. स्पर्धेतून नाव मी काढलं नाही, त्यांनी काढलं. वरचा त्यागाचा परिच्छेद लिहून झाल्यावर मला इतका आवडला की खोडवेना. पण पुन्हा खोटं नको, म्हणून कळवतो.

ता. क. २: लिफाफ्यावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पत्राच्या वर चँडलर लिहिलं आहे तेही खरं नाही. मी बुधवारीच आलो. तीन दिवस तुमच्या शेजारच्या हर्नडनच्या एका हॉटेलात आहे आणि रोज सकाळी भाड्याची गाडी घेऊन तुमच्या घरासमोर येऊन बसतो. पांढरी गाडी, मेपलच्या झाडाखाली. काल तुम्ही फिरायला जाताना तिच्या काचेत पाहून केस सारखे केलेत, तेव्हा मी सीटखाली होतो. आज हे पत्र तुमच्या दाराच्या फटीत सरकवून परत गाडीत बसणार आहे. नेत्रा भेटेल का, एवढं तिला विचारून मला येऊन सांगा. नाही म्हणाली तर तेही सांगा, मी निघतो, सरलेला कळवू नका.

ता. क. ३: हे पत्र नेत्राला वाचायला देऊ नका. बाबा बाहेर आलाय, एवढंच तिला सांगा. ती विचारेल, कशाला? त्याचं उत्तर लिहायलाच मी तीन दिवस हॉटेलात बसलो होतो, राजीवराव. तिला बरं वाटतं का, पाय सुजतात का, रात्री झोप लागते का, तिला काय खावंसं वाटतं, हे सगळं विचारायचं म्हणून बसलो होतो. आता सगळं पत्र वाचून पाहिलं, तर त्यातलं एकही विचारलेलं नाही. पानामागून पानं भोपळ्याचीच आहेत.