पडद्यावरचं हसू

प्रिय तेजू,

तुझा फोटो मिळाला. घाबरू नकोस, दात तुटलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या समोरच्या दोन दातांवर सिरॅमिकच्या ज्या पातळ चकत्या मी चिकटवल्या, त्यातल्या एकीचा कोपरा उडालाय. इतकी वर्षं टिकल्या हेच पुष्कळ. मे महिन्यात येशील तेव्हा दोन्ही बदलू. फोटोखाली तू लिहिलंयस, ‘सासूबाईंची कृपा, दुसरं काय!’ ते वाचल्यापासून चार दिवस माझं कशात लक्ष नाही.

आधी इकडचं सांगतो. आई बरी आहे, आंब्याच्या पेट्यांत बुडालेली आहे. नवा स्कॅनर आल्यापासून मी घरात असून नसल्यासारखा आहे, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. आता पेशंटच्या तोंडात लगदा कोंबून साचा घ्यायला नको. पेनाएवढा कॅमेरा फिरवला की सगळे दात पडद्यावर. रुंद करा, लांब करा, पांढरे करा, पेशंटला त्याचं नवं हसू आधी दाखवा आणि मग बसवा. चौसष्टाव्या वर्षी मला नवं खेळणं मिळालंय. माउस हातात आला की जेवायची शुद्ध राहत नाही.

परवा मांडवीच्या गंगाबाई आल्या होत्या, आपल्याकडे मासळी घेऊन येतात त्याच. पुढचे चार दात गेलेत. मी पडद्यावर मोत्यासारखी ओळ करून दाखवली. त्यांनी टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, “ह्ये कोणाचे दात? माझा तोंड मलाच ओळखता आला पायजे हां, डॉक्टर.” मग त्यांचा जुना फोटो मागवून घेतला आणि एक दात होता तसा वाकडा केला. बाई खूश होऊन गेल्या.

त्याच दुपारी कपाटातले जुने प्लास्टरचे साचे स्कॅन करत होतो, त्यात तुझा निघाला. बाविसाव्या वर्षीचा, मधल्या फटीसकट. पडद्यावर फिरवून बघत होतो, तेवढ्यात तुझे केतनराव आले. त्यांच्या आईंना बघायला लांज्याला निघाले होते, हातखंब्याच्या फाट्यावरून गाडी इकडे वळवली. पडद्याकडे बघून म्हणाले, “या पेशंटची फट बुजवू नका हं बाबा, छान दिसतेय.” जुनी पेशंट आहे, एवढं म्हणालो आणि चहा मागवला.

तुला आठवत असेल, तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं. मुलाकडच्यांना फट खटकते, मुलाच्या आईंनी तसा निरोप पाठवलाय. तू विचारलंस, त्यांना मी हवीय की दात? मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीवरून चांगलं स्थळ घालवू नकोस. तू खुर्चीत बसलीस. चकत्या बसवायला मी तुझे दात घासून पातळ करत होतो आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इंजेक्शन दिलेलं होतं, म्हणजे दुखत नव्हतं, हे मला कळत होतं.

तेजू, असा निरोप कधी आलाच नव्हता. मी तेव्हा नवा कॉम्प्युटर घेतला होता. स्थळाला पाठवायचा तुझा फोटो त्यावर उघडला आणि सहज गंमत म्हणून फट बुजवून बघितली. छान दिसलं. दंतवैद्याच्याच मुलीच्या दातात फट, असं कुणी म्हणायला नको, म्हणून तोच फोटो पाठवून दिला. आठ दिवसांत त्यांचं उत्तर आलं, बघायला येतो. आता फोटोतली मुलगी एक आणि घरातली दुसरी. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून मी फोटोबरहुकूम तुझे दात केले आणि बोल केतनरावांच्या आईंना लावला. त्या माउलीने तुझी फट कधी पाहिलीसुद्धा नाही. त्यांच्यावर राग धरून पंधरा वर्षं तू लांज्याला दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली नाहीस आणि मी ते बघत बसलो, कारण राग माझ्यावर येत नव्हता. आता त्या अंथरुणाला खिळल्यात. या खेपेला आधी लांज्याला जा, माझ्याकडे नंतर ये. केतनरावांना मी स्वतः सांगेन, पण आधी तुला सांगायला हवं होतं. घासलेला दात परत वाढत नाही. नव्या चकत्यांची मी दोन चित्रं करून ठेवलीत, एक आत्ता आहेत तशी आणि एक तुझ्या साच्यावरून, फटीसकट. पडदा तुझ्याकडे वळवून ठेवीन. तेव्हा विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुला काय हवंय?

तुझा अपराधी,
बाबा