लावणीतला कॉम्प्रेसर

१२ मार्च २००१
जुन्या बिघाडांच्या नोंदी कॉम्प्युटरात भरून झाल्या एकदाच्या! बोटं गेली माझी. आता प्रोग्राम सांगणार म्हणे — कुठलं मशीन कधी बिघडेल, कधी उघडायचं. मुरबाडच्या कंपनीत ज्योतिषी म्हणून लागले, असं वहिनीला सांगितलंय.

१६ मार्च
ग्राफ आला. मोठा कॉम्प्रेसर वर्षभर गुणी बाळ, आणि दर जुलैत आडवा! तो आडवा की अख्खी कंपनी बंद. साहेब खूश. "बघ पूजा, दमट हवा! व्हॉल्व्ह खराब होतात." मी मान हलवली.

हवा कसली डोंबलाची! त्याच दिवसांत गावी, किन्हवलीला, आमची भाताची लावणी असते. आमचीच काय, निम्म्या कामगारांची. रजा कोणालाच मिळत नाही. मग फिटर म्हणतो, व्हॉल्व्ह गेला, कल्याणहून मागवावा लागेल. तो येईपर्यंत सगळे घरी, शेतात. आणि फिटर कोण? आमचा काळूरामदादा, माझा सख्खा भाऊ.

खरं सांगितलं तर दादाची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर माझा प्रोग्राम खोटा.

१७ मार्च
"सायबाला काय सांगितलंस?" दादाने विचारलं. म्हटलं, दमट हवा. चहा नाकातून आला त्याच्या. मग कप खाली ठेवला. "पूजे, माझं नाव नको हां घेव."
नाही घेणार रे.

२ एप्रिल
सुचलं! बिघडायच्या आधीच उघडायचा — दर जुलैत, लावणीच्याच आठवड्यात, ठरवून शटडाउन. कंपनी बंद, सगळ्यांना रजा, कोणी खोटं बोलायला नको. प्रोग्रामलाही पटलं. पटणारच, आकडे त्याच दिवसांचे! साहेबांनी सही केली.

९ जुलै
शटडाउनची नोटीस लागली. सगळ्यांना रजा. खाली एक ओळ — फिटरांनी हजर राहावे.
अर्थात! शटडाउनमध्ये मशीन उघडणार कोण? माझ्या टाळक्यात आलंच नाही. लाज वाटली फार.
वहिनी म्हणाली, "पूजाबाय, तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, आता चिखलात तूच उतर."

१३ जुलै
मी आणि वहिनीच लावतोय. कंबर गेली. दादा संध्याकाळी तेलकट कपड्यांनी बांधावर आला. "व्हॉल्व्ह नवा कोरा हाय. खोलला, पुसला, परत लावला." हसला नाही.

१० जुलै २००२
कॉम्प्रेसर वर्षभरात एकदाही बंद पडला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. बिघाडच नाहीत तर एवढे फिटर कशाला, हे प्रोग्रामने नाही, त्यांनीच विचारलं. गेल्या महिन्यात निम्मे कमी केले.
दादा यंदा लावणीला घरी आहे.