जास्तीचा तुकडा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

माझे बूट पार्सलने पाठवलेत. नाक मुरडू नका, स्वच्छ पुसलेत! बाहेरून धड आहेत, पण आत टाचेपाशी अस्तर पार फाटलंय आणि खालचा पुठ्ठा चावतो. इथला दुकानदार म्हणाला, बाई, नवे घ्या. नव्या बुटांत कुणी परीक्षा देतं का? चौदा तारखेला वनखात्याची चालण्याची परीक्षा आहे, तीन तासांत अठरा किलोमीटर. लेखी पास झाले, आता सगळं पायांवर. यंदा दोनदाच घेतात, आत्ता आणि ऑगस्टात. पुढच्या वर्षी माझं वय उलटेल आणि मग जन्मभर गोदामातल्या खोक्यांवर शिक्के मारत बसेन.

झोप उडालीय. जेवतानासुद्धा पाय हलत असतात. लवकर करा ना, बाबा.

आईला नमस्कार. दोघांची माया अशीच राहू द्या.

तुमची भिंगरी

७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बूट आजच पाठवले. केवढे झिजवलेस गं! तुझी आई म्हणते, हिला नोकरी कशाला हवी, नुसती चालत सुटली तरी जग पालथं घालील.

जुनं अस्तर काढून मऊ कातडं लावलंय. खरखरीत बाजू पायाकडे ठेवलीय, म्हणजे टाच निसटणार नाही. कडा रापीने कागदासारख्या पातळ केल्या, नाहीतर कातड्याची जाड कड सुरीसारखी कापते. आता निर्धास्त चाल. आमच्या कामाला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय.

खुशाली कळवत जा, इथे जीव टांगणीला लागतो.

बाबा

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळताच बूट काढून ठेव. घालू नकोस!

मी नेहमी एक तुकडा जास्त कापतो, बिघडला तर हाताशी असावा म्हणून. दोन तासले, तिसरा जाडच ठेवला होता. आज पाट आवरताना उरलेला तुकडा सापडला, तर तो पातळ! म्हणजे जाडा तुझ्या बुटात गेला. डाव्यात की उजव्यात, देव जाणे. त्या दिवशी शेजारचा शिंपी डोकं खात बसला होता, त्याच्या नादात घोळ झाला. तिथल्या कुणाकडूनही कड तासून घे. दुसऱ्याचे बूट माग, पण हे घालू नकोस.

तेव्हापासून दुकानात बसवत नाही. तुझी आई म्हणते, येरझारा घालून फरशी झिजेल.

उलट टपाली कळव.

बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सहा मिनिटांनी हुकलं. तुम्हाला वाईट वाटेल, पण दोष माझाच. बाराव्या किलोमीटरपर्यंत मी पुढच्या चौघींत होते, मग डाव्या पोटरीत असा गोळा आला की लंगडत चालावं लागलं. सराव कमी पडला, दुसरं काय. बूट मात्र लोण्यासारखे होते. बरोबरीच्या मुली विचारत होत्या, कुणी केले म्हणून.

रडूबिडू झालं एकदाचं. ऑगस्ट आहे अजून. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका, आणि आईला सांगा, मी नीट जेवते.

तुमची आठवण काढत,

भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

माझं नऊ तारखेचं पत्र तुला वेळेवर मिळालं नाही, हे उघडच आहे. आता मिळालं असेल, तर गोळ्याची गोष्ट पुन्हा सांगू नकोस. डाव्यात की उजव्यात, हे मला ठाऊक नव्हतं. ते तूच सांगितलंस.

टाच बरी होईपर्यंत गोदामातही अनवाणी बस, कोण काय म्हणायचंय ते म्हणू दे. आणि चार दिवस रजा काढून इकडे ये, बूट घेऊन. कातडं मी कापीन, कडा तू तासायच्यास. लहानपणी रापीला हात लावलास म्हणून तुला रागावलो होतो. आता मीच हातात देतो.

शिंप्याचं खोटं होतं. तो त्या दिवशी आलाच नव्हता. आत बोट फिरवल्याशिवाय मी कुणाचा बूट हातावेगळा करत नाही. त्या दिवशीही फिरवलं होतं, दोन्ही बुटांत, दोनदोनदा. पोरी, मला दोन्ही सारखेच लागले.

वाट पाहणारा,

बाबा