सुरेखाचे तास

मंगळवार संध्याकाळ, वाशिंद

विद्यापीठाच्या महासंगणकाचे तास वाटायचं काम माझ्याकडे. किन्हवलीची सुरेखा भातावरच्या करपा रोगावर प्रबंध लिहितेय; त्यातली आकडेमोड याच मशीनवर होते. तो महिनाअखेर द्यायचाय, म्हणून या आठवड्याचे तास मी तिला कबूल केले होते. सकाळी विभागप्रमुखांचा फोन आला आणि मी ते त्यांच्या विद्यार्थ्याला देऊन टाकले. साधं ‘नाही’ म्हणता आलं नाही मला?

दुपारी ती आली. मी म्हणालो, "मशीन बंद आहे गं. दुरुस्ती चाललीय."

शेजारच्या खोलीत मशीनचे पंखे घरघरत होते. मलाच इतके मोठ्याने ऐकू येत होते ते पंखे!

"असू दे सर," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार?"

जाताना तिने मशीनच्या खोलीचं उघडं राहिलेलं दार माझ्याकडे न बघता हळूच लावून घेतलं.