चौदा तासांचं सिंगापूर

सिंगापूर, ३ मार्च २०२४

ती. अक्कास, हरिणीचा शि. सा. न.

फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून पत्र. बाबांनी शिकवलेलं बाळबोध अजून जमतंय. मेमध्ये माझं बाळंतपण. आई येणार म्हणून मी निर्धास्त होते, आता ती नको म्हणते. चौदा तास बसवणार नाही म्हणे. अक्का, तिरुचीहून इथवर तीन हजार किलोमीटर, विमान थेट, सव्वाचार तास. तंजावूरहून चेन्नईला रेल्वेने जायला याहून जास्त वेळ लागतो. चौदा कुठून आले? तू समजाव, तुझं ती ऐकते. हे दिवसभर कामावर असतात, मला भीती वाटते. तुझ्या हरिताला आशीर्वाद.

तुझ्याच भरवशावरची,
हरिणी

तंजावूर, १५ मार्च

चि. हरिणीस अनेक आशीर्वाद.

चौदा तास मीच सांगितले. तू पाठवलेल्या कागदावर निघणं सकाळी साडेदहा, पोचणं संध्याकाळी सव्वापाच होतं. आईने बोटांवर मोजून सात तास काढले. तुमचं घड्याळ अडीच तास पुढे, हे मी बोलले नाही. सात तास बसेन म्हणाली, तेव्हा मी सांगितलं की कोलंबोला उतरून दुसरं विमान धरायचं, एकूण चौदा. तिने बॅग परत माळ्यावर टाकली आणि मला बरं वाटलं.

हरिताच्या वेळी मी ओरत्तनाडुला सासूबाईंच्या हाताखाली बाळंतीण झाले. आई चेन्नईत तुझ्या परीक्षेचे डबे करत होती. सात तासांची वाट, तेवढीही ती आली नाही. आता तुझ्यासाठी समुद्र ओलांडणार.

काल तिला खरं सांगितलं. भाजीला मुरुंगईचा पाला निवडत होती, ती जुडी संपवली. मग विचारलं, मी नसताना तुला एकटीला जमेल का. मी हो म्हटलं. तिकीट काढ.

रागाव, पण तोडू नकोस.
अक्का

सिंगापूर, २७ मार्च

ती. अक्कास सा. न.

दोन दिवस तुझा फोन उचलला नाही. मग जे बारा वर्षं लपवलं ते लिहायला बसले. हरिताच्या वेळी आईने तुझ्याकडे यायला बॅग भरली होती. मी दारात बसून रडले, ती गेली तर परीक्षेला बसणारच नाही म्हटलं. पेपर सोपे होते, अक्का. तुझं बाळ आलं की आई तुझीच होईल, एवढंच डोक्यात होतं. तिकीट २० एप्रिलचं काढलंय.

क्षमा मागायचं धाडस होत नाही.
हरिणी

तंजावूर, २२ एप्रिल

चि. हरिणीस आशीर्वाद.

विमानतळावर आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं. काचेपलीकडे जाईपर्यंत ती वळून सांगत होती की दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांग. परतीच्या बसमध्ये मी घड्याळ बघत होते. वल्लमचा थांबा आला तेव्हा ती समुद्रावर असणार.

बारा वर्षं मी आईवर रागावले. तो राग तुझ्या वाट्याचा होता, हे आता कळून काय करू? निघायच्या आदल्या दिवशी तिचे केस विंचरून दिले, इतकंच. ती चकित झाली.

मत्सर गेला म्हणावं तर गेलेला नाही. आई तिथे रमली असेल तर कळवू नकोस. गोळ्या वेळेवर घेते का, तेवढं लिही.

लोभ आहे. या महिन्यात थोडा कमी.
अक्का