आईच्या व्हिडिओचा आवाज कुठे गेला

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढाच). तब्येत विचारणं रीतीला धरून आहे, पण परवा फोनवर तुम्ही आमच्या सात पिढ्यांचा ज्या दमाने उद्धार केलात, त्यावरून फुप्फुसं तरी ठणठणीत असावीत. नंतर तुम्ही आमचे सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेत, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

मामा, आईने तुम्हाला शिव्या घातलेल्या नाहीत. आजोबांच्या शिवणयंत्रावरून तुम्हा बहीणभावांचा अबोला झाला, तो मोडावा असं तिच्याच मनात आलं. फोनवर रडू येईल म्हणून गॅलरीत खुर्चीवर बसून तिने व्हिडिओ करवून घेतला. मी तो लगेच पाठवणार होतो. पण दुर्दैवाने माझे मेहुणे घरात होते. (ज्यांना आम्ही पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणतो, तेच. हल्ली समोरही म्हणतो. त्यांना ती पदवी वाटते.) "कच्चा व्हिडिओ कुणी पाठवतं का? एक्स्पोर्ट करावा लागतो!" असं म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, आमची ताटं मांडीवर आली.

त्यातल्या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये फॉरमॅटची भलीमोठी यादी होती. गृहस्थांनी आधी 'सर्वोत्तम' निवडला. लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि फाइल इतकी अगडबंब झाली की ती जागची हलेना. मग 'जुन्या मोबाइलसाठी' निवडला, त्यात आई पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. मग 'उभ्या स्क्रीनसाठी', त्यात अर्धी आई कापली गेली आणि तुळईला टांगलेली कुंडी मात्र पूर्ण आली. मामांचा फोन कोणता ते विचारू या, असं मी सुचवलं, तर अडाण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. शेवटी साइज कमी करायला त्यांनी एका चौकोनातली खूण काढून टाकली आणि फाइल भुर्रकन गेली. ती खूण आवाजाची होती! पाठवण्याआधी ऐकून बघितलं का, म्हणाल तर आई झोपली होती म्हणून लॅपटॉप मुका करून ठेवला होता. अकलेचा कांदा म्हणावं, तर कांद्याला निदान वास तरी असतो.

तर तुम्ही जे पाहिलंत ते असं होतं: आई कपाळावर हात मारते तेव्हा म्हणते, "माझंच चुकलं रे." बोट नाचवते तेव्हा, "तू धाकटा, मला कळायला हवं होतं." आणि शेवटी हात झटकला, तो तुम्हाला हाकलायला नव्हे. "जाऊ दे ते यंत्र, तूच ने," म्हणून. यावर सर्वज्ञांचं म्हणणं, "पण चित्र किती सुरेख आलं!"

मूळ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये जसाच्या तसा आहे. नंबर मोकळा केलात की मिनिटात पोचेल.

तुमचा,
थोरला भाचा

ता. क. : आईने पत्र वाचलं आणि भडकली. "चुकलं असं कुठे म्हणाले मी? आता तो डोक्यावर बसेल!" यंत्राची गोष्ट तर साफ नाकारते. व्हिडिओ पुसून टाक म्हणते. पुसलेला नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेव्हा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्याला लिही, दुपारची मी घरीच असते."